त्सुचिनशान–अ‍ॅटलास धूमकेतू : १० बाय ५० द्विनेत्रीतून केलेल्या निरीक्षणांची नोंद

सी/२०२३ ए३ त्सुचिनशान–अ‍ॅटलास या धूमकेतूची ऑक्टोबर २०२४ मधील ही निरीक्षणे यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका बरड वावरातून १० बाय ५० (दहापट विशालन, ५० मिलिमीटरचे भिंग) द्विनेत्रीने केलेली आहेत. वावर उंचवट्यावर असल्यामुळे पश्चिमेचे क्षितिज मोकळे मिळते, आणि त्या हंगामात तेथे नुसती कपाशी असल्याने एरवी या दिवसांत माणसाच्या उंचीवर गेलेली तूर आड येत नव्हती. धूमकेतू ज्या संध्याकाळी सर्वांत तेजस्वी होता त्याच संध्याकाळी तो सर्वांत चांगला दिसला असे झाले नाही. म्हणून प्रतीच्या, म्हणजे तेजाच्या, आकड्यांपेक्षा (आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) धूळ, चंद्र आणि क्षितिजापासूनची उंची यांविषयीच येथे अधिक लिहिले आहे.

जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळेने आणि त्यानंतर फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बिणीने हा धूमकेतू टिपला. जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना यांच्यासारख्या जाणत्या अभ्यासकाने तो सूर्याजवळ पोहोचण्यापूर्वीच विखुरणार असे लिहिले होते. परंतु २७ सप्टेंबरला ०.३९ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) सूर्याला वळसा घालून तो सुखरूप बाहेर पडला. सप्टेंबरअखेरच्या पहाटा आमच्याकडे ढगांत गेल्या. ९ ऑक्टोबरच्या सुमारास तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या जवळजवळ मधोमध आला, त्याच्या धुळीने सूर्यप्रकाश आपल्या दिशेने पुढे विखुरला आणि त्याची प्रत उणे ५ च्या आसपास गेली. मात्र तेव्हा तो सूर्याला इतका लगटून होता की सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या छायाचित्रांतच तो पाहणे शहाणपणाचे होते. अशा वेळी सूर्याजवळ द्विनेत्री फिरवणे म्हणजे डोळ्याशी खेळ.

१२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर, सर्वांत जवळ होता. त्या संध्याकाळी क्षितिजावर ढगांची पट्टी होतीच, शिवाय सोयाबीनची सोंगणी संपत आल्यामुळे पंचक्रोशीत हडंबे, म्हणजे मळणीयंत्रे, चालू होते. हडंब्यातून उडालेले कुटार, म्हणजे भुसा, वारा पडल्यावर खाली बसत नाही. त्याचा बारीक धुरळा सूर्यास्तानंतरही तासभर पश्चिमेला तरंगत राहतो आणि क्षितिजालगतचे चार-पाच अंश तांबूस, गढूळ होऊन जातात. स्वच्छ हवेतसुद्धा पाच अंशांच्या उंचीवरील तारा वातावरणामुळे दोन प्रतींहून अधिक मंदावतो, मग अशा धुरळ्यात काय होत असेल याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. पुढील दोन्ही संध्याकाळी धूमकेतू सापडला, पण शेपटीचा केवळ बुडखा हाती लागला.

१५ तारखेला चित्र पालटले. सूर्य सहाच्या सुमारास मावळला आणि पावणेसातला धूमकेतू क्षितिजापासून दीड मुठीहून अधिक वर होता (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश). डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वातीचा तारा आणि दोघांच्या मध्ये, त्यांच्यापेक्षा थोडा उंच, हा. पूर्वेला कोजागरीच्या आदल्या दिवसाचा चंद्र डोळ्यांत खुपत असतानाही शीर्ष नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत होते. द्विनेत्रीत शीर्षाचा मधला भाग पिवळट आणि टोकदार दिसला, त्याची खालची कड जवळजवळ रेखीव होती आणि तेथून शेपटी जवळजवळ सरळ वर, दृश्यक्षेत्राच्या, म्हणजे द्विनेत्रीत एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या, अर्ध्याहून अधिक पसरली होती. तिची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट होती. त्याच दृश्यक्षेत्रात एम ५ हा गोलाकार तारकागुच्छ एक अस्पष्ट ठिपका म्हणून दिसत होता, आणि धूमकेतूशेजारी तो अगदीच बापुडवाणा वाटला. सूर्याच्या दिशेने रोखलेली उलटी शेपटी छायाचित्रांत त्या आठवड्यात सर्रास उतरली. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून जात असल्यामुळे कक्षेत मागे रेंगाळलेली जड धूळ आपल्याला कडेने, म्हणजे पातळ रेघेसारखी दिसते, एवढेच तिचे गुपित. चंद्रप्रकाशात द्विनेत्रीतून ती मला दिसली असे मी लिहिणार नाही. शीर्षाच्या खाली काहीतरी उजळ आहे असे वाटणे वेगळे आणि दिसणे वेगळे.

द्विनेत्री हातात धरून शेपटीचे टोक ठरवता येत नाही, हे येथे मुद्दाम सांगतो. रानडुकरांसाठी जागलीला बांधलेल्या मचाणीची आडवी बल्ली छातीच्या उंचीवर येत होती. तिच्यावर पोत्याची घडी ठेवून द्विनेत्री टेकवली की थरथर थांबते आणि कडेच्या नजरेने शेपटी आणखी अर्धा-एक अंश पुढे जाताना दिसते. जागलीवरच्या काकांनी त्याच घडीवर डोके टेकवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हे तं फळ्यावरचा खडू पुसल्यावानी दिसून राह्यलं.” माझ्या वहीतील वर्णनापेक्षा हे जास्त नेमके होते आणि मी ते तसेच उतरवून घेतले.

तेजाचा अंदाज घेताना धूमकेतूची उजळी लक्षात ठेवायची, मग द्विनेत्रीचे फोकस बिघडवून तुलनेचा तारा धूमकेतूच्या शीर्षाएवढा फुगवायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही जुनी रीत वापरली. तारा शक्यतो त्याच उंचीवरचा हवा, नाहीतर वातावरणाचा फरक उत्तरात मिसळतो. सुरुवातीला स्वातीवाचून दुसरा सोयीचा तारा नव्हता, आणि तोही धूमकेतूपेक्षा बराच खाली असल्याने १५ तारखेचा माझा पहिल्या प्रतीच्या जवळपासचा अंदाज ढोबळच समजावा.

पौर्णिमेनंतर धूमकेतू रोज मंदावत गेला आणि रोज अधिक चांगला दिसत गेला. २० तारखेला संकष्टी होती. उपास धरलेले लोक चंद्राची वाट पाहत होते आणि आम्हांला तो जितका उशिरा उगवेल तितका हवा होता. चंद्रोदय आठनंतर असल्याने सात वाजून दहा मिनिटांनी पूर्ण काळोख मिळाला तो जवळजवळ तासभर टिकला. धूमकेतू भुजंगधारी तारकासमूहात, दोन मुठींहून अधिक उंचीवर, म्हणजे धुरळ्याच्या थराच्या पार वर होता आणि तेथे वातावरण माथ्याच्या तुलनेत अर्ध्या प्रतीपेक्षा कमी तेज खाते. प्रत तिसऱ्याच्या आसपास उतरली होती, तरी शेपटी दृश्यक्षेत्राच्या वरच्या कडेबाहेर गेली आणि तिचे टोक गाठायला द्विनेत्री वर सरकवावी लागली. पसरट वस्तूचे एकूण तेज कितीही असो, तिच्यामागचे आकाश काळे असल्याखेरीज ती उठून दिसत नाही. शहरातून प्रवास करून येणाऱ्या मित्रांनी १४-१५ तारखेऐवजी ही रात्र निवडली असती तर बरे झाले असते.

५० मिलिमीटरच्या भिंगाला १० पट विशालन दिले की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटरचा होतो. पन्नाशी उलटलेल्या डोळ्याची बाहुली अंधारातही ७ मिलिमीटर उघडेलच याची खात्री नसल्याने ७ मिलिमीटरचा झोत देणाऱ्या ७ बाय ५० चा फायदा माझ्या वयाला पुरता मिळत नाही. तरुणांनी तो जरूर घ्यावा.

दिवाळीच्या अमावस्येला चंद्राची अडचण नव्हती, पण गावाकडून येणारा फटाक्यांचा धूर होता. धूमकेतू नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता. द्विनेत्रीत शीर्षाचा गोल, फिकट डाग आणि वरच्या बाजूला जेमतेम अंशभर शेपटी उरली होती. तो ८०,००० वर्षांनी परत येईल हा मोबाइलवर फिरणारा आकडा मी वहीत लिहिलेला नाही, कारण सूर्याजवळची त्याची कक्षा जवळजवळ अन्वस्त, म्हणजे बंद न होणाऱ्या वक्रासारखी, आहे, तिची विकेंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती वेगळी आहे याचे माप) एकापेक्षा किंचित जास्त निघते, आणि अशा कक्षेवरून परतीचे वर्ष सांगणे धाडसाचे आहे. नोव्हेंबरच्या शुक्ल पक्षात चंद्र पुन्हा संध्याकाळच्या आकाशात आला तेव्हा निरीक्षणे थांबवली. शेपटीची रेखाटने मात्र दृश्यक्षेत्र साडेसहा अंश धरून एकाच प्रमाणात पुन्हा काढायची आहेत, म्हणजे १५ आणि २० तारखेची चित्रे शेजारी ठेवून मोजता येतील.