पिंपातलं विसर्जन

२०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या नारायण पेठेतल्या मंडळाची बैठक मोबाइलवर झाली. सरकारचा नियम आला होता: मंडळाची मूर्ती ४ फुटांपर्यंत, घरची २. मोठी मूर्ती गोदामातच ठेवून सव्वा फुटाची बसवायची ठरली. शाडूचीच हवी होती, पण आम्ही जागे झालो उशिरा, मिळाली ती प्लास्टरची. मुठा हाकेच्या अंतरावर, पण घाटावर विसर्जनाला बंदी. मग जे करायचं ते मांडवातच.

प्लास्टरची मूर्ती विरघळवायला महापालिका अमोनियम बायकार्बोनेटची पावडर फुकट देत होती. ही युक्ती आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. माझं बीएस्सी केमिस्ट्रीत झालंय, एवढ्या गुन्ह्यासाठी काम माझ्या गळ्यात पडलं.

१ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, आरती झाली. पिंपात मूर्ती बुडेल एवढं पाणी, साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर. फसफस सुरू झाली, पाठोपाठ डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास. दर दोन-तीन तासांनी ढवळायचं होतं आणि तिथेच गाडं अडलं. देवाला काठी कोण लावणार? मंडळातले सगळ्यात जुने काका पुढे आले, हात जोडून ‘पुनरागमनाय च’ म्हणाले आणि मांडवाचा बांबू हातात घेतला. त्यानंतर पोरांनी पाळ्या लावल्या.

दोन दिवसांत विरघळते म्हणतात. आम्हाला चार लागले, कारण रात्रपाळीवाले झोपले. तळाशी खडूसारखा गाळ राहिला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, ते खत. भरपूर पाणी मिसळून ते झाडांना घातलं. रंग मात्र विरघळला नाही. त्याची गुलाबी साय चहाच्या गाळणीने काढली आणि कचऱ्यात टाकली. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

हिशेब लिहायला बसलो तर जनरेटरचं डिझेल शून्य, फ्लेक्स शून्य. मिरवणूकच नव्हती. एरवी अख्खा दिवस ओलांडून चालणारी मिरवणूक नाही म्हणून लक्ष्मी रस्ता ओळखू येत नव्हता. आम्ही पर्यावरणपूरक झालो असं कुणीतरी म्हणालं. झालो कसले, घरात कोंडले गेलो होतो.

आणि कचरा होताच, फक्त वेगळा: हातमोजे, सॅनिटायझरच्या बाटल्या, मास्क. त्यात प्रसाद. आधी खिरापत हातावर पडायची. त्या वर्षी प्रत्येक वर्गणीदाराला मोदक प्लास्टिकच्या पाकिटात, सील करून, घरपोच.

२०२२ मध्ये निर्बंध उठले. मोठी मूर्ती गोदामातून बाहेर आली, ढोल आले, जनरेटर आला, फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो आले. पिंपात आता मांडवाच्या दोऱ्या ठेवतो. पाकिटं तेवढी राहिली.

गेल्या वर्षी मी हट्टाने परात घेऊन उभा राहिलो. समोरच्या बाईंच्या हातावर खिरापत ठेवली, तर त्यांनी हात तसाच धरून विचारलं, “पाकीट नाही का हो?”