पायऱ्यांवरचा रॅक

आमच्या नाटकाच्या दौऱ्यात एका नाट्यगृहाला सामान चढवायला रॅम्पच नव्हता. टेम्पो मागे लावायचा आणि उंच, अरुंद पायऱ्यांवरून सगळं हाताने वर न्यायचं. नेपथ्याचे लेव्हल, फ्लॅट आणि लाइट चढले. राहिला साउंडचा रॅक.

जुने, जड ट्रान्सफॉर्मरचे तीन अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारी यंत्रं), प्रत्येकी 22 किलोच्या आसपास. त्यात मिक्सर आणि हे सगळं ठेवायची प्लायची पेटी, म्हणजे फ्लाइट केस. शंभरीच्या पुढे वजन. केस बनवून घेतानाच मी दोन वेगळ्या करा म्हणून मागे लागलो होतो. निर्मात्यांना टेम्पोतली जागा आणि एका केसचे वाचणारे पैसे दिसले. खाली चार इंची चाकं असली की वजनाचा प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटतं. सपाट फरशीवर मिटतोही. पायरीवर चाकांचंही ओझंच होतं.

चौघांनी उचलला. जिन्यावर खालच्या दोघांवर जास्त भार येतो, म्हणून तिथे अनुभवी माणसं लागतात. पण मॅनेजरला घाई. खाली आमचा जुना माणूस आणि एक नवा मुलगा. मधेच वरच्याचा पाय सटकला. मी ओरडलो, "सोडा, बाजूला व्हा!" जुना माणूस झाला. मुलाने छाती लावून रॅक अडवून धरला. रॅक पायरीवर टेकला, पण मुलाला सरळ उभं राहता येईना.

मणक्याची चकती सरकली होती. तो नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे पैसे घेऊन काम करणारा. प्रयोग नाही, तर पैसेही नाहीत.

मी विचारलं, सोडलं का नाहीस? "दादा, लाखांचं सामान होतं ना."

हेच डोक्यातून जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कडा, स्टीलचे गोल कॉर्नर, आतला जाड फोम हे सगळं धक्के आणि आपटणं सोसायलाच असतं. विमान वाहतुकीच्या एटीए 300 मानकात पहिल्या वर्गाची केस किमान 100 फेऱ्या टिकावी लागते. आणि माणसासाठी? अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या सूत्रात वजन अंगालगत, पकड पक्की, कंबर न वळवता, असं सगळं जुळून आलं तरी एकट्यासाठी मर्यादा 23 किलोची. जिन्यावर यातलं काय जुळतं?

वायर कशी गुंडाळायची, लॉक कसे लावायचे, हे पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतात. सोबत "सामान सांभाळ रे" हेही. हातातलं कधी सोडायचं, ते कोणीच सांगत नाही.

आता जिना दिसला की मी अ‍ॅम्प बाहेर काढायला लावतो. एकेक, दोघांनी मिळून. रिकामी केस शेवटी. अर्धा तास जास्त जातो आणि मॅनेजर रोज कुरकुरतो. कुरकुरू दे.