दुपारी स्वच्छ, सकाळी गढूळ

वाळूच्या फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून होणारी धुलाई, आपोआप थांबवणारं छोटं यंत्र आम्ही बसवलं होतं. बॅकवॉशचं पाणी आधी चहासारखं येतं, मग हळूहळू निवळतं. ते निवळलं की व्हॉल्व बंद करायचा, एवढंच काम. प्रोग्राम घालता येणारा आर्डुइनो उनो बोर्ड, धुलाई यंत्रात असतो त्या जातीचा तीन वायरींचा गढूळपणा सेन्सर, व्हॉल्व चालू-बंद करणारा एक रिले आणि दोन ओळींचा डिस्प्ले. सेन्सरच्या दोन दांड्यांपैकी एकीत इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा उजेड) देणारा एलईडी, दुसरीत तो उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. मधून पाणी जातं. पाणी स्वच्छ असेल तर जास्त उजेड पलीकडे पोचतो आणि व्होल्टेज वर जातं. गढूळ असेल तर खाली येतं.

आठवड्याभराने ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, सकाळी नऊ मिनिटं धुतं. दुपारी दोन मिनिटांत बंद होतं, आणि पाणी तर लालच असतं."

दुपारी साडेबाराला पोचलो. बॅकवॉश चालू करून जार भरून घेतला. पाणी इतकं गढूळ की जारमागे धरलेलं बोट दिसेना. डिस्प्लेवर ३८४ एनटीयू (गढूळपणाचं एकक; आकडा जितका मोठा तितकं पाणी गढूळ). आमच्या प्रोग्राममध्ये ५०० च्या खाली आलं की व्हॉल्व बंद, म्हणजे बोर्ड सांगितल्याप्रमाणेच वागत होता. हाच जार हातातल्या मीटरमध्ये तपासला. तो बाजूला ९० अंशात विखुरलेला उजेड मोजतो, त्यामुळे गढूळपणाच्या बाबतीत त्याचं ऐकायचं. त्याने ४१० दाखवले. एका क्षणी वाटलं, बरोबरच तर आहे. पण दोन्ही आकडे जवळ आले हा निव्वळ योगायोग होता, आणि त्याने आमची पंधरा मिनिटं खाल्ली.

अशा वेळी एनटीयू बाजूला ठेवून कच्चा आकडा बघायचा. उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा आहे, म्हणजे ५ व्होल्टला ० ते १०२३. एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. संगणकावरच्या सीरियल मॉनिटरवर या पाण्यात ८३८ येत होते. बसवताना स्वच्छ पाण्यात ८६२ आले होते, तसं वहीत लिहिलेलं होतं. चहासारखं पाणी आणि स्वच्छ पाणी यांत फक्त २४ पायऱ्यांचा फरक? काहीतरी सेन्सरला जास्तीचा उजेड पुरवत होतं.

आधी वीजपुरवठा तपासला, कारण अशा कामात निम्मे घोळ तिथेच निघतात. व्हॉल्व बंद असताना बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनवर ४.९६ व्होल्ट, व्हॉल्व उघडला की ४.७१. सेन्सर, रिले आणि सोलेनॉइड व्हॉल्व एकाच ॲडॅप्टरवर, तेही लांब बारीक केबलवरून. दोष खराच होता, पण दिशा उलटी. पुरवठा पडला की एलईडी मंदावतो, आणि मंद एलईडीमुळे पाणी जास्त गढूळ वाटायला हवं. इथे तर ते स्वच्छ वाटत होतं. तो दोष नंतर दुरुस्त केला: व्हॉल्वला वेगळा ॲडॅप्टर, दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र, सेन्सरच्या पुरवठ्याजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

मग नजर पाण्याच्या डब्यावर गेली. सेन्सर पारदर्शक ॲक्रिलिकच्या डब्यात होता, पाणी डोळ्यांनीही दिसावं म्हणून. त्यावर दुपारी बरोबर ऊन पडत होतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि फोटोट्रान्झिस्टर त्यालाच भुकेला. वर्कशॉपमध्ये चार दिवस चाचणी केली तेव्हा हे का दिसलं नाही? तिथे एलईडी ट्यूबलाइट होत्या, त्यांच्या उजेडात इन्फ्रारेड जवळपास नसतंच. हॅलोजनचा एक दिवा जवळ धरला असता तरी घोळ टेबलावरच पकडला असता.

ऑपरेटरकडून काळं जाड कापड घेतलं आणि डबा पूर्ण गुंडाळला. आत डोकावलं तर अंधार. आकडा ८३८ वरून ७४१ वर आला आणि तिथेच थांबला. कापडाच्या दोन घड्या केल्या, अजून थोडा उतरला. मग डब्याभोवती ॲल्युमिनियमचा फॉइल गुंडाळला, सेन्सरच्या वायरींना लागणार नाही असा. आकडा सरळ ६५५.

काळं कापड डोळ्याला काळं असतं, पण अनेक काळे रंग इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाची काळी खिडकी त्याचंच उदाहरण. पडताळणी सोपी आहे: रिमोटचं टोक कापडाने झाकायचं, बटण दाबायचं आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघायचं. आधी उघड्या रिमोटवर बघा, काही कॅमेऱ्यांना तो दिसत नाही. झाकल्यावरही जांभळट ठिपका लुकलुकला तर ते आवरण या कामाचं नाही. आमच्या कापडातून ठिपका चक्क दिसत होता. कार्बन घातलेला काळा प्लास्टिक पाइप किंवा धातू चालतो; पांढऱ्या पीव्हीसीतून बराच उजेड झिरपतो.

आता डबा काढून काळा टी जोड बसवला आहे. आत येताना आणि बाहेर जाताना एकेक एल्बो, म्हणजे पाइपातून सरळ रेषेत उजेड पोचू नये. सेन्सर आडवा, उभ्या पाइपात, पाणी खालून वर. माथ्यावर बसवला की बुडबुडे दांड्यांमध्ये अडकतात, आणि बुडबुडा सेन्सरच्या दृष्टीने गाळच. दांड्या पाण्यात चालतात, पण वायरी जिथे जोडतात तो वरचा भाग पाणीरोधक नसतो. तिथे ओल गेली की आकडे भरकटतात, म्हणून वायर आधी खाली वळवून मगच वर नेली.

राहिला प्रश्न एनटीयूचा. या सेन्सरसोबत सगळीकडे एक वर्गसूत्र फिरतं: व्होल्टेजच्या वर्गाला उणे ११२०.४ ने गुणा, त्यात व्होल्टेज गुणिले ५७४२.३ मिळवा, ४३५२.९ वजा करा. ते २.५ ते ४.२ व्होल्टपुरतंच आहे. आमच्या स्वच्छ पाण्याच्या ८६२ ला ते उणे ३२ देतं, आणि आमच्या प्रोग्रामने उणे आकडा गुपचूप शून्य करून ठेवला होता. त्या टोकाला एडीसीची एक पायरी म्हणजे सुमारे १८ एनटीयू. पिण्याच्या पाण्यात १ आणि ५ मधला फरक महत्त्वाचा असतो. तिथे हा सेन्सर वापरायचा विचारही करू नये. आणि ६५५ ला सूत्र २५५० च्या आसपास सांगतं, मीटर मात्र ४१०. गाळाच्या कणांचा आकार आणि रंग बदलला की तोच गढूळपणा वेगळा उजेड अडवतो, म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावरचं सूत्र आपल्याला बसत नाही.

आम्ही आमच्याच गाळावर तक्ता केला. बॅकवॉशचं गढूळ पाणी घेऊन त्यात गाळून घेतलेलं स्वच्छ पाणी घालत निम्मं, पाव, अष्टमांश अशी पातळ मिश्रणं केली. प्रत्येक मिश्रण मीटरवर आणि सेन्सरवर, झाकलेल्या भांड्यात. ढवळणं सावकाश आणि सतत: जोरात ढवळलं की हवा शिरते, थांबलं की रेती मिनिटाभरात तळाशी बसते. प्रत्येकी २५ वाचनं, २० मिलिसेकंदांच्या अंतराने, आणि त्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वाचन. सरासरी नको, एक बुडबुडा सरासरी बिघडवतो, मध्यकाला सहसा धक्का लागत नाही. फॉर्माझिन हे प्रमाण द्रावण आणलं असतं तर आकडे जास्त शास्त्रशुद्ध आले असते, पण ते हायड्राझिन सल्फेटपासून बनतं, विषारी आहे, आणि व्हॉल्व बंद करायला तेवढ्या काटेकोरपणाची गरज नव्हती. कुणी दुधाचे थेंब सुचवतात. दुधाच्या थेंबकणांचा आपल्या मातीशी काय संबंध?

प्रोग्राममधून सूत्र काढलं. आता कच्चा आकडा ८३० च्या वर सलग २० सेकंद राहिला तरच व्हॉल्व बंद होतो; दुपारी साडेबारालाही धुणं नऊ मिनिटांच्या आसपास चालतं. डिस्प्लेवरून एनटीयू हा शब्दही उडवला, कारण तो दिसला की लोक त्यावर विश्वास ठेवतात.

पंधरा दिवसांनी स्वच्छ पाण्यातला आकडा ८६२ वरून ८४९ वर आला होता. दांड्यांच्या आतल्या बाजूला बोटाला जेमतेम लागेल असा बुळबुळीत थर. मऊ कापडाने पुसला, पुन्हा ८६१. ऑपरेटरने आता दर सोमवारी पुसायचं ठरवलंय, आणि पुसण्याआधीचा व नंतरचा आकडा तो वहीत लिहितो.