कंपनी इतकी चांगली, तरी टीम का हरते?

"आम्ही निवडलेली कंपनी एवढं लोकोपयोगी काम करते, मग परीक्षकांनी आम्हाला मागे का टाकलं?" इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगच्या, म्हणजे परताव्यासोबत समाजाचंही भलं साधणाऱ्या गुंतवणुकीच्या, स्पर्धांत उतरणारी मुलं, त्यात अमेरिकेत एमबीएला गेलेली आपली मुलंही, हे दरवेळी विचारतात.

या स्पर्धांत विद्यार्थी गुंतवणूकदाराच्या खुर्चीत बसतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९८ साली सुरू झालेल्या व्हीसीआयसी (व्हेंचर कॅपिटल इन्व्हेस्टमेंट कॉम्पिटिशन) या स्पर्धेत खरे संस्थापक मुलांपुढे आपली कंपनी मांडून पैसे मागतात आणि कोणात, किती, कुठल्या अटींवर पैसे घालायचे हे टीमला घड्याळ लावून ठरवावं लागतं. व्हार्टन या बिझनेस स्कूलच्या 'मिंट' स्पर्धेत हेच काम काही महिने चालतं: कंपनी शोधा, छाननी करा, ड्यू डिलिजन्स (दाव्यांची आणि हिशेबांची सखोल पडताळणी) करा, मग गुंतवणूक समितीपुढे उभे राहा. तिथे विजेत्या टीमच्या कंपनीला ५० हजार डॉलरपर्यंत खरी गुंतवणूक मिळू शकते. साहजिकच, काम चांगलं आहे एवढ्यावर परीक्षक थांबत नाहीत.

समजा, एक कंपनी सौरऊर्जेवर चालणाऱ्या शीतखोल्या उभारते. शेतकरी टोमॅटोचे क्रेट ठेवतात, दर क्रेटला रोजचं भाडं. स्लाइडवर लिहिलंय: १० हजार शेतकऱ्यांना लाभ. हा आकडा फोडून बघा. क्रेट कोणाचे आहेत, दोन एकरवाल्याचे की व्यापाऱ्याचे? खोली नसती तर माल खरंच सडला असता, की शेजारच्या गावातल्या कोल्ड स्टोरेजला गेला असता? दोन दिवस थांबल्यावर भाव वाढून मिळाला, की भाड्यातच गेला? काय बदललं, कोणासाठी, किती, आपल्यामुळे किती आणि चुकण्याची शक्यता किती, हे पाच प्रश्न या क्षेत्रात सर्वमान्य आहेत. बहुतेक टीम 'आपल्यामुळे किती' इथेच अडखळतात, कारण त्याचं उत्तर संस्थापकाच्या स्लाइडमध्ये नसतं. चार-पाच ग्राहकांना फोन लावावा लागतो.

आता पैशाचं गणित, आणि ते हातानं करा. १० लाख डॉलर घालायचे, प्री-मनी (आपले पैसे येण्याआधीचं कंपनीचं मूल्य) ४० लाख. पोस्ट-मनी (पैसे आल्यानंतरचं मूल्य) ५० लाख, आपला वाटा २० टक्के. कर्मचाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा ऑप्शन पूल (त्यांना द्यायला राखून ठेवलेले शेअर) प्री-मनीतूनच काढायचा म्हटलं, तर ५ लाख तिकडे जातात. खरं प्री-मनी ३५ लाख उरतं आणि जुन्या मालकांचा वाटा ८० नव्हे, ७० टक्के. संस्थापकानं याबद्दल विचारलं आणि टीममधल्या एकालाही सांगता आलं नाही, तर वाटाघाट तिथेच संपते.

पुढे नवे पैसे उभारण्याच्या दोन राउंडमध्ये प्रत्येकी २० टक्के डायल्यूशन (नवे शेअर निघाल्यानं आपला वाटा घटणं) धरलं की आपले २० टक्के १२.८ वर येतात. दहापट परतावा, म्हणजे १ कोटी डॉलर, हवा, तर कंपनी सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलरला विकली जायला हवी. कंपनीचं मूल्य तिच्या वार्षिक विक्रीच्या चौपट धरलं, तर वार्षिक विक्री जवळपास १ कोटी ९५ लाख. एका खोलीमागे वर्षाला ४ हजार डॉलर येत असतील, तर सुमारे ४,९०० खोल्या लागतील. आज १२ आहेत. हे अशक्य नाही, पण सात वर्षांत कसं होईल हे गुंतवणुकीच्या टिपणात आलंच पाहिजे. नाहीतर दहापटीचा हट्ट सोडून कर्जाच्या किंवा विक्रीतल्या वाट्याच्या स्वरूपात पैसे द्यायचं सुचवा. आमच्या मते अशा कंपन्यांना तेच जास्त मानवतं, आणि टीम ते फार क्वचित सुचवतात.

खरी मेख आणखी वेगळी आहे. खोल्या भराभर भरायच्या तर व्यापारी सोयीचे: एका फोनवर शंभर क्रेट. म्हणजे विक्री वाढेल आणि छोटा शेतकरी बाहेर पडेल. कमाई आणि परिणाम एकाच चाकावर फिरतात की दोन, हे इथे कळतं. त्यावरचा उपाय टर्म शीटमध्येच (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात) लिहा: दर तिमाहीला एकूण क्रेटपैकी छोट्या शेतकऱ्यांचे किती, हे कळवणं बंधनकारक, आणि ते प्रमाण ठरलेल्या पातळीखाली गेलं तर विषय बोर्डापुढे. पातळी किती ठेवायची, हे संस्थापकाला विचारूनच ठरवा. जो आकडा त्याला जड जातो, त्यावरच सगळ्यात जास्त वेळ बोला.