नऊ नंबरचा सेल

पाडव्यानंतर सहा आठवड्यांनी, रविवारी पुन्हा बॅटऱ्या उघडल्या. नव्या मंडळींसाठी: घरच्या इन्व्हर्टरच्या २०२१ च्या दोन उंच ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटऱ्या, १५० एएचच्या (ॲम्पिअर-अवर), सिरीजमध्ये, वर २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. १ ते ६ सेल डावीकडच्या बॅटरीत, ७ ते १२ उजवीकडच्या. सकाळी सहालाच बसलो, कारण मे महिन्यात नागपुरात आठनंतर जिन्याखाली बसणं म्हणजे शिक्षा. तरी ॲसिडचं तापमान ३८ अंश निघालं. मागची पश्चिमेची भिंत रात्रभर तापलेलीच असते.

टर्मिनलवर मोरचुदासारखी थोडी पावडर होती. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, पाना फिरवला, व्हॅसलीन लावलं. संपलं.

चार्जिंग रात्रीच बंद करून ठेवलं होतं. डावी १२.४७ व्होल्ट, उजवी १२.४३. शेजारचे इलेक्ट्रिशियन भाऊ डोकावून म्हणाले, "व्होल्टेज त बराबर हाय ना भाऊ!" मीही दोन वर्षं हेच म्हणत आलो.

मग हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ते किती जड) मोजायची नळी. चार्ज जितका जास्त, तितकी ग्रॅव्हिटी जास्त. पाणी टाकण्याआधी, हे लक्षात ठेवा. वर ताजं पाणी तरंगत असताना ग्रॅव्हिटी घेऊन मी एकदा अख्खी बॅटरी मेली समजलो होतो. अकरा सेल १.२२८ ते १.२३२. दिसायला कमी, पण गरम ॲसिड हलकं असतं. २७ अंशांच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, म्हणजे ११ अंशांचे साधारण ०.००८. झाले १.२३८ च्या आसपास, ट्यूब्युलरला उत्तम. नऊ नंबर मात्र १.१९५. दुरुस्ती करूनही १.२०३.

हे व्होल्टेजमध्ये का दिसलं नाही? विसावलेल्या सेलचं व्होल्टेज म्हणजे ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८४. चांगला सेल २.०८, हा २.०४. बारा व्होल्टांत फरक किती, तर तीन-साडेतीन शतांश! मल्टीमीटर बिचारा खोटं बोलत नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

कारणही सापडलं. नवव्या सेलचा फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती खूण, क्षार धरून वरच अडकला होता. गेल्या उन्हाळ्यात लग्नासाठी महिनाभर गावाला होतो, परत आल्यावर हिरवी खूण पाहून त्या सेलमध्ये पाणीच टाकलं नाही. प्लेटांची डोकी उघडी पडली असणार. आता प्रत्येक फ्लोट बोटाने दाबून बघतो, उसळून वर आला तरच विश्वास.

या वेळी बारा सेलमध्ये मिळून १.४ लिटर डिस्टिल्ड वॉटर लागलं. एक ॲम्पिअर-अवर जादा चार्ज दर सेलमागे ०.३३६ ग्रॅम पाणी फोडतो. हिशेब केला तर ४२ दिवस सतत साधारण ०.३४ ॲम्पिअर नुसते पाणी उकळवण्यात गेले. माझा इन्व्हर्टर तापमान बघत नाही, थंडीत आणि मे महिन्यात तोच २७.६ व्होल्टचा फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावरही चालू राहणारं चार्जिंग. दर सेलला, दर अंशाला ३ मिलिव्होल्ट धरले तर ४० अंशांना तो २७.१ हवा. सेटिंग तेवढं खाली आणलं. (आरओचं किंवा एसीचं पाणी चालतं का, हे कृपया पुन्हा विचारू नका. एकात क्षार, दुसऱ्यात कॉइलचा धातू.)

उजवी बॅटरी एकटी व्हरांड्यात नेऊन ६ ॲम्पिअरवर इक्वलायझिंग चार्ज दिला, म्हणजे मागे पडलेला सेल बाकीच्यांच्या बरोबरीला यावा म्हणून मुद्दाम जादा चार्ज. घरात नाही, कारण जिन्याशेजारीच देवघर आहे आणि आईची समई तेवत असते. हवेत चार टक्के हायड्रोजन पेटायला पुरतो. चष्मा, हातमोजे, सोड्याची बादली जवळ. दर तासाला ग्रॅव्हिटी. अकरा तासांनी नववा १.२२१ वर आला आणि तिथेच बसला, तीन रीडिंग सारखी. बाकीचे १.२४२.

दोन दिवसांनी खरी परीक्षा. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, लोडला हेडलाइटचे चार ५५ वॉटचे बल्ब, दोन-दोनच्या जोड्या. साधारण ९ ॲम्पिअर. सहा तासांनी डावी १२.१, उजवी ११.७. तिथून उजवी घसरगुंडीवर बसली. आठ तास वीस मिनिटांनी ती ११.० ला आल्यावर थांबवलं, तेव्हा डावी ११.९ वर होती. जवळजवळ एक व्होल्ट एकट्या नवव्याने खाल्ला. १५० पैकी मिळाले पाऊणशे.

एकच बॅटरी बदलावी, असं दुकानदार म्हणतो. मी बदलणार नाही. जुनीच्या जोडीला नवी बांधली की दोघींचं चार्जिंग बिघडतं. घेईन तेव्हा जोडी घेईन, डावी वर्कशॉपच्या १२ व्होल्टच्या दिव्यांना लावेन. तोवर नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) लाइट गेली तर दोन पंखे आणि राउटर, बास. कूलरला इन्व्हर्टरवरून सुट्टी, घरच्यांना सांगून झालंय आणि त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. पुढची डिस्चार्ज टेस्ट तान्ह्या पोळ्याच्या सुमारास.