नागीण गेली, आग राहिली

नागिणीच्या खपल्या पडल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझं खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत एक पट्टा असा झाला होता, की ब्लाऊजची शिवण घासली तरी निखारा टेकवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारासुद्धा सोसवेना. दादरला लोकलमध्ये चढताना कुणाचं कोपर लागू नये म्हणून पर्स डाव्या कुशीशी धरायची, तर पर्सच टोचायची.

डॉक्टरांनी कारण नीट समजावलं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जागाठीत वर्षानुवर्षं पडून असतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती मंदावली की तो एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. त्या नसेला सूज येते, इजा होते, आणि पुरळ बरं झालं तरी ती मेंदूला वेदनेचे संदेश पाठवत राहते. तीन महिन्यांच्या पुढे हे टिकलं तर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूरॅल्जिया म्हणतात. गॅबापेंटिन, म्हणजे नसांच्या वेदनेवरची गोळी, सुरू झाली. आग कमी झाली, पण दिवसभर गुंगी. गोळी वाढवण्याऐवजी जोडीला दुसरं काही करता येईल का, हे विचारायला मी परळला पेन क्लिनिकमध्ये गेले. भूलतज्ज्ञ फक्त ऑपरेशनपुरते नसतात, जुनाट वेदनांवरही उपचार करतात, हे मला तिथे कळलं.

तोवर सल्ल्यांचा पाऊस पडला होताच. गेरूचा लेप लाव, नागीण उतरवून घे, विळखा पुरा झाला तर माणूस वाचत नाही! ही शेवटची भीती तर मनातून काढूनच टाका. नागीण साधारणपणे एकाच नसेच्या पट्ट्यात येते, शरीराच्या एकाच बाजूला, आणि मध्यरेषेपाशी थांबते. एका ओळखीच्या बाईंनी भस्माची पुडी आणून दिली, तिच्यावर लेबल नव्हतं. ती मी डॉक्टरांना दाखवली. अशा पुड्यांत शिसं किंवा पारा असू शकतो आणि शिशाने नसाच बिघडतात, म्हणून ती घेतली नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचंही तसंच. बी-६ दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात.

क्लिनिकमधल्या डॉक्टर म्हणाल्या, "काकू, एका वेळी एकच उपाय. आणि वहीत लिहायचं." मी दोनच गोष्टी लिहीत गेले: रात्री किती वेळा जाग आली, आणि मलमलचा गाऊन अंगावर सहन झाला का.

सुरुवात टेन्सने झाली, म्हणजे कातडीवरून हलका विद्युतप्रवाह सोडून वेदना कमी करणाऱ्या यंत्राने. मोबाईलएवढं यंत्र, दोन वायरी, चिकट पॅड. फिजिओथेरपिस्टने पॅड दुखऱ्या पट्ट्यावर नाही, तर त्याच्या वर आणि खाली, चांगल्या कातडीवर लावले. "झिणझिण्या जोरात जाणवल्या पाहिजेत, पण दुखायला नको," एवढंच तिने सांगितलं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं होतं, की स्पर्शाचे संदेश मणक्यात पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अडते. यंत्राचा आधार हाच. यंत्र चालू असताना आणि नंतर थोडा वेळ मला स्पष्ट आराम पडायचा, आणि तेवढ्यात झोप लागायची. माझ्यासाठी हा सगळ्यात उपयोगी उपाय ठरला. पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मग कॅप्सेसिनचं मलम, म्हणजे मिरचीतलं तिखट. ते वेदना कळवणाऱ्या नसांची टोकं हळूहळू बधिर करतं. फोड पूर्ण भरल्यावरच लावायचं, हातमोजा घालून. सुरुवातीला आधीपेक्षा जास्त झोंबतं. मुंबईच्या मे महिन्यात घामाने ते असह्य झालं, म्हणून थांबवलं आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा घेतलं. तेव्हा जमलं.

ॲक्युपंक्चरसाठी नोंदणी असलेलाच माणूस शोधला. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा कायदा आहे. सुया माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढल्या. आग फारशी हलली नाही, पण खांदे आणि मान मोकळी झाली. इतके महिने मी अंग चोरून वावरत होते, ते तेव्हा ध्यानात आलं. योगनिद्रेने रात्रीची धास्ती कमी झाली. प्राणायामात बरगड्या ताणल्या की कळ यायची, म्हणून तो बराच उशिरा सुरू केला.

वही पाहून डॉक्टरांनी गॅबापेंटिन टप्प्याटप्प्याने कमी केलं. ही गोळी एकदम बंद करायची नसते. आता दमट दिवशी चुरचुरतं, पण साडी नेसता येते.

पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या बहिणीला मी डॉक्टरांकडे नागिणीच्या लसीबद्दल विचारायला नेलं. शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. तिने पहिला घेतला आहे. आणि कुणाला एकाच बाजूला आग होऊन पुरळ दिसलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, कारण विषाणूविरोधी गोळ्या तेव्हाच सर्वात चांगल्या लागू पडतात.