एका फ्रेममध्ये बावीस मिनिटं

आमच्या गेमच्या रिलीजला आठ दिवस उरले होते आणि तपासणीसाठी माझ्या टेबलावर दोन लीजन गो एस होते, म्हणजे लेनोवोचे हातात धरून गेम खेळायचे छोटे पीसी, हँडहेल्ड. एक पांढरा, विंडोज ११ वाला. दुसरा काळपट जांभळा, स्टीमओएसवाला. आत तोच झेड२ गो प्रोसेसर, तोच आठ इंची स्क्रीन. एरवी बग सापडला की चिप, ड्रायव्हर, रॅम अशा सगळ्यांवर संशय घ्यावा लागतो. इथे आरोपी दोनच, ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) नाहीतर आम्ही.

"विंडोजवर कशाला वेळ घालवतेस?" आमचा लीड म्हणाला. "गेम बनवलाय विंडोजसाठीच. जे काही फुटेल ते प्रोटॉनमध्ये फुटेल."

मलाही पटलं. स्टीमओएस म्हणजे मुळात लिनक्स, आणि प्रोटॉन हा मधला दुभाष्या: आमची exe फाइल तीच, पण चित्र काढायची तिची विंडोजची भाषा, डायरेक्टएक्स, लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये फिरवून पुढे द्यायची. चूक झालीच तर दुभाष्याची होणार, असा आमचा हिशेब.

जेवायला उठताना दोन्हींचं पॉवर बटण दाबलं, गेम चालू ठेवूनच. परत येऊन पुन्हा दाबलं. जांभळ्यावर नायक पुलावर होता तिथेच उभा. पांढऱ्यावर तो मरून पडलेला. कारण: उपासमार! मशाल विझलेली, तंबूतला शिधा संपलेला. मी आधी हसले, मग लॉग उघडला. एका फ्रेमचा डेल्टा टाइम, म्हणजे आधीच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, १,३२६ सेकंद. म्हणजे मी जेवत होते ती बावीस मिनिटं गेमने एका घासात गिळली होती.

इंजिनवाल्याला बोलावलं. त्याने लॉग पाहिला आणि कपाळाला हात लावला. विंडोजवर आम्ही ज्या काउंटरवरून वेळ मोजत होतो, तो मशीन झोपलं तरी मोजतच राहतो. लिनक्सचं मोनोटोनिक घड्याळ मशीनसोबत झोपतं, आणि प्रोटॉनकडून आम्हाला मिळणारा वेळ त्यावरचा. थोडक्यात, ज्याच्यावर संशय होता त्या दुभाष्यानेच आमची चूक झाकली होती. आणि डेस्कटॉपवर ती इतके दिवस दिसली नाही, कारण ऐन लढाईत पीसी झोपवून कोण उठतं?

हँडहेल्डवाले उठतात. २०२२ मध्ये स्टीमओएसवाला हँडहेल्ड स्टीम डेक आल्यावर बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे थांबतो, ही सवयच पडली. पुढच्या वर्षी असुसने आरओजी अ‍ॅली आणला, १०८०पी, १२० हर्ट्झ, कागदावर डेकपेक्षा तगडा. तरी झोप-जागेची तुलना सुटली नाही. सगळे जवळपास एएमडीच्याच चिप्स घेतात (एमएसआयचा क्लॉ तेवढा सुरुवातीला इंटेलवर), मग वेगळेपण दाखवायचं कुठे? लेनोवोने २०२५ मध्ये एकच मशीन दोन ओएसमध्ये विकायला काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅली विंडोजवरच चालतो, पण डेस्कटॉप मागे ठेवून थेट एक्सबॉक्सची फुल स्क्रीन उघडतो. हँडहेल्डवर डेस्कटॉप अडचणीचाच, अशी ती मला तर विंडोजने दिलेली कबुलीच वाटते.

माझ्या दोन मशीनपैकी एक टेबलावरून हलवून एकाच ओएसवर तपासावं म्हटलं तर तेही जमत नाही. फोर्टनाइट स्टीमओएसवर चालत नाही. एपेक्स लेजंड्सने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सचा दरवाजा लावून घेतला. दोन्हीकडे अडसर अँटी-चीटचा, म्हणजे खेळात फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा. असे गेम खेळणारे विंडोज सोडणार नाहीत, आणि तेच लोक मधल्या वेळात आमचाही गेम खेळणार.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: फ्रेम कितीही लांबली तरी डेल्टा ०.१ सेकंदापुढे जाऊ द्यायचा नाही. ती तपासायला मात्र मी संध्याकाळपर्यंत बटण दाबत बसले. पाच सेकंद, पाच मिनिटं, तासभर, चार्जर लावून, चार्जर काढून. नायक एकदाही उपाशी मेला नाही.

निघताना लीडने चेकलिस्टमध्ये नवी ओळ टाकली: "झोपवून उठवणे, दोन्ही ओएसवर." आणि पुढे कंसात, "किमान एक जेवणाची सुट्टी".